थांबवणाऱ्याला कारण विचारायचं नाही

त्या दिवशी लिफ्ट बंद होती, एवढंच. बाकी सगळं नेहमीसारखं होतं. आईच्या चष्म्याची काडी तुटली होती, तो दुरुस्तीला टाकला होता आणि संध्याकाळी आणायचा होता. मी ऑफिसातून परस्पर त्यांच्याकडे गेले होते. “दोघंही जा,” आई म्हणाली. “यांना एकट्याला पाठवलं तर वाटेत भिंतींशी गप्पा मारत बसतील, आणि मी इथे चाचपडत.” बाबा चपला शोधत म्हणाले, “चष्म्याशिवाय तू बरी दिसतेस.” “मलाही तुम्ही चष्म्याशिवायच बरे दिसता,” आई म्हणाली, आणि आम्ही हसत हसत दाराबाहेर पडलो. खाली उतरताना काहीच जाणवलं नाही. चष्मेवाल्याच्या दुकानात बाबांनी काडीचा स्क्रू नखाने दाबून पाहिला, दोनदा उघडझाप केली, आणि चष्मेवाल्याला सांगितलं की हा पुन्हा इथेच सुटेल. चष्मेवाला त्यांना ओळखून होता. तो म्हणाला, “सुटला की या साहेब, मी कुठे जातोय.” येताना त्यांनी पाव घेतला. इमारतीच्या दाराशी आल्यावर त्यांनी लिफ्टचं बटण सवयीने दाबलं, दिवा लागला नाही, आणि त्यांनी वर जिन्याकडे पाहिलं. मी पिशवी त्यांच्या हातातून घेतली. त्यांनी ती दिली. हे मला तेव्हाच जाणवायला हवं होतं का, मला माहीत नाही. ते कुणाला पिशवी देत नसत.

पहिल्या वळणावर ते थांबले आणि खिशातून नाणं काढून त्यांनी भिंतीवर टकटक केलं. त्यात नवल काहीच नव्हतं. बाबांना अशी टकटक करताना मी जन्मापासून पाहत आले आहे. तरुणपणी ते विमानतळावर देखभाल इंजिनियर होते, तेव्हा विमानं दुरुस्त करायच्या हँगरमध्ये त्यांना ‘टकटक’च म्हणायचे. विमानाच्या काही भागांत पातळ थर एकावर एक चिकटवलेले असतात. आतला थर सुटला तरी वरून काही दिसत नाही, डोळ्याला सगळं गुळगुळीतच. मग नाणं घेऊन इंचाइंचावर ठोकत जायचं. थर चिकटलेले असतील तर आवाज टणक, छोटा, मिटलेला येतो. सुटलेले असतील तर तोच आवाज फुगतो, आतून येतो, जणू पलीकडे कुणीतरी पोकळीत उभं आहे. तेव्हापासून ते नाणं त्यांच्या बोटांत बसलं ते बसलंच. कलिंगड, दारं, टेबलं, दुसऱ्यांच्या घरचे खांब, माझ्या सासरच्या मंडळींशी पहिली भेट झाली तेव्हा त्यांच्या दिवाणखान्यातलं कपाट. लहानपणी मला खोकला झाला की पाठीवर बोटाने ठोकून डॉक्टरच्या आधी तेच निदान करायचे. “पोकळ आहे इथे,” ते पहिल्या वळणावर म्हणाले. “गिलावा सुटलाय.” मी म्हटलं, “बाबा, भिंत आहे ती, विमान नाही.” “भिंतही पडतेच की,” ते म्हणाले, आणि पुन्हा चढायला लागले.

दुसऱ्या वळणावर ते पुन्हा थांबले. पुन्हा नाणं. ठोकायच्या आधी त्यांनी तळहात भिंतीवर पसरून ठेवला, जसा ते विमानाच्या पंखावर ठेवायचे, आणि तसाच राहू दिला. या वेळी टकटक सावकाश होती, दोन ठोक्यांमध्ये बरंच अंतर. जवळचं दार उघडून एका बाईंनी डोकं बाहेर काढलं. “कोण आहे?” “कुणी नाही,” बाबा म्हणाले, “तपासणी चालू आहे.” बाई हसल्या, दार लागलं. “इथेही पोकळ,” बाबा म्हणाले. मी तो आवाज ऐकला होता. टणक, छोटा, मिटलेला. ती भिंत भरीव होती. माझे कान त्यांनीच घडवलेले. वयाच्या सातव्या-आठव्या वर्षापासून मला दोन आवाजांतला फरक कळतो, आणि तो मला कळतो हे त्यांनाही माहीत होतं. ज्या माणसाने आयुष्यभर ठोक्याच्या बाबतीत एकदाही खोटं सांगितलं नव्हतं तो भरीव भिंतीला पोकळ म्हणत होता. नंतर मी ठोके ऐकणं सोडलं आणि त्यांच्या मधलं ऐकू लागले. मध्ये बाबांचा श्वास होता. तो वर जायचा, वरच्या टोकाला क्षणभर अडायचा, मग उतरायचा. ते नाणं त्या श्वासावर पांघरूण घालत होतं. मी जिन्याचा कठडा धरून उभी राहिले आणि बाबांकडे न पाहता म्हटलं, “सोसायटीला सांगायला हवं, सगळाच गिलावा गेलेला दिसतोय.” “हो ना,” ते म्हणाले. त्यांना बरं वाटलं असावं. आम्ही असेच तपासणी करत चौथ्या मजल्यापर्यंत गेलो. आईने चष्मा लावून आमच्याकडे पाहिलं आणि ती म्हणाली, “एवढा वेळ? मला वाटलं, नवीन डोळेच बसवून आणताय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना ते गेले. आईचा फोन आला तेव्हा मी एका जाडजूड ग्रंथाची मुद्रितं तपासत होते, आणि मला आठवतं, मी आधी पेन्सिल त्या ओळीवर नीट ठेवली, म्हणजे परत आल्यावर ओळ सापडावी.

आमच्या घरात भीती हा शब्द नव्हता. तो कुणी बंद केला असं नाही. तो वापरायची वेळ आली की त्याच्या जागी दुसरा शब्द यायचा. बाबांच्या कामात ‘शंका’ म्हणत. अमुक जोडाबद्दल शंका आहे. शंका असली की काहीतरी करता येतं: भिंग आणता येतं, रंग लावून भेग पाहता येते, तो भाग काढून दुसरा बसवता येतो. भीती असली की काय करणार? त्यामुळे मला लहानपणी अंधाराची शंका होती, कुत्र्यांची शंका होती, आणि सगळ्यांत मोठी शंका अशी की जगातली प्रत्येक वस्तू आत्ता, या क्षणी, कुठेतरी आतून तडकायला लागलेली आहे. ही बाबांचीच देणगी. धातू थकतो, ते सांगायचे. एकदा वाकवला तर काही होत नाही, हजारदा वाकवला तरी काही दिसत नाही. पण तो विसरत नाही. प्रत्येक वाकणं आत कुठेतरी जमा होतं, मग एक दिवस नेहमीच्याच वजनाखाली, नेहमीच्याच सकाळी. हे ते मला भाकरीचा तुकडा मोडताना, बूट घालताना, झोपायच्या आधी सहज सांगत. दुसऱ्यांचे वडील राक्षसाच्या गोष्टी सांगत असतील. मी पलंगावर पडून पलंगाच्या पायांचा विचार करायचे. छताच्या पंख्याकडे पाहून मला वाटायचं, तो फिरतोय म्हणजे मोजतोय. आणि बाबांच्या हाताच्या शिरांकडे पाहताना काय वाटायचं ते मी कधी पूर्ण होऊ दिलं नाही.

हँगर सोडून ते संशोधनात का गेले हे मला आईने सांगितलं, तेही मी मोठी झाल्यावर. एका सकाळी विमान निघायला तयार होतं, प्रवासी बसलेले, बाबा खाली उभे, विमान ठीक असल्याची त्यांची सही झालेली. इंजिन वेग घेताना त्यांना चाकांच्या बाजूने एक आवाज आला. आवाजही नव्हे, आवाजातला एक फरक. वरिष्ठ शेजारीच होता. तो म्हणाला, “काय रे टकटक, काय झालं? उशीर होतोय.” बाबा म्हणाले, काही नाही, आणि त्यांनी अंगठा वर करून विमान सोडलं. ते विमान जाऊन सुखरूप परत येईपर्यंत बाबा हँगरच्या पायरीवर बसून होते. पाणीही प्यायले नाहीत. परत आल्यावर त्यांनी स्वतः चाकाचा जोड उघडला. त्यात भेग होती, नखाएवढी. विमान परत आलं म्हणून कुणी त्यांना काही विचारलं नाही, उलट भेग शोधली म्हणून पाठ थोपटली. “तेच त्यांना सहन झालं नाही,” आई म्हणाली. “रागावले असते कुणी तर बरं झालं असतं. महिनाभर म्हणत होते, नशीब हे काही तपासणीचं साधन नाही.” नंतर मी दोन वर्षांची असताना, बरोबरीचे लोक बढत्या घेत असताना, बाबा पुन्हा विद्यार्थी झाले. भेगा कशा जन्मतात यावर त्यांनी प्रबंध लिहिला. मग आम्ही या शहराच्या टोकाला, संशोधन संस्थेच्या वसाहतीत राहायला आलो, आणि माझ्या लहानपणात एक नवाच आवाज आला.

संस्थेत एक मोठा हॉल होता. त्यात विमानाचा एक अख्खा पंख लोखंडी चौकटीत अडकवून ठेवलेला असे, आणि खालून जॅक त्याला वर ढकलत, खाली ओढत, वर, खाली, महिनोन् महिने, रात्रंदिवस. विमान आयुष्यभर जेवढे हेलकावे खाणार त्याहून जास्त हेलकावे त्याला इथे जमिनीवरच द्यायचे आणि तो कुठे थकतो ते पाहायचं. वसाहतीतल्या प्रत्येक घरात ते ऐकू यायचं: एक खोल हुंकार, मग सुस्कारा. हुंकार, सुस्कारा. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना झोप लागत नसे. आम्हाला त्याच्याशिवाय लागत नसे. आम्ही सगळे त्या पंखाच्या लयीत जेवायचो, पाढे म्हणायचो, भांडायचो. घाबरायचो ते शांततेला. मधेच तो आवाज थांबला की आईचा हात पातेल्यावर थांबायचा, शेजारच्या घरातला रेडिओ बंद व्हायचा, आणि बाबा पायात बूट घालायचे. कुठेतरी काहीतरी मोडलेलं असायचं. चाचणीच्या शेवटी मात्र मुद्दाम मोडायचे: भार वाढवत वाढवत न्यायचे, आणि मग तोफ उडाल्यासारखा एकच आवाज, आमच्या मांडणीवरची ताटं खणाणायची. लगेच हॉलकडून टाळ्या ऐकू यायच्या. पंख ठरवलेल्या भाराच्या पलीकडे टिकला म्हणून ते खूश असायचे. मी उंबऱ्यात उभी राहून त्या टाळ्या ऐकायचे आणि मला कळायचं नाही की मोडलेल्या गोष्टीसाठी माणसं टाळ्या कशा वाजवतात.

तिसरीत की चौथीत असताना सुट्टीच्या दिवशी बाबा मला हॉलमध्ये घेऊन गेले. मोठी माणसं भोवती उभी होती, एका नव्या पंखाचं काम चालू होतं. तिथे एक तंत्रज्ञ होते, त्यांना सगळे बोल्टकाका म्हणत, कारण बोल्ट किती आवळायचा हे ते नुसत्या मनगटाने सांगायचे. बोल्टकाकांनी मला पिवळ्या रेघेबाहेर उभं केलं. बाबांनी एक लाकडी दांडी चौकटीच्या खांबाला टेकवली आणि दुसरं टोक माझ्या कानाला लावलं. “ऐक,” ते म्हणाले. दांडीतून तो हुंकार सरळ माझ्या डोक्यात आला, दातांत आला. एखाद्या मोठ्या जनावराच्या पोटाला कान लावल्यासारखं. आणि मग मला वाटलं, त्या हुंकाराच्या वरच्या टोकाला काहीतरी अडतंय. अगदी थोडंसं. पुन्हा ऐकलं. पुन्हा अडलं. मी ओरडले, “थांबा!” माझा आवाज एवढा मोठा असेल हे मला माहीत नव्हतं. कुणीतरी दचकून लाल बटण दाबलं. सगळं थांबलं. पंख अर्धवट उचललेला, तसाच हवेत. त्या शांततेत सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि वसाहतीत किती हात पातेल्यांवर थांबले असतील हे मला दिसत होतं. दिवसभर त्यांनी पंख तपासला. भिंगं, रंग, नाणी. काही सापडलं नाही. बाबा मला सगळ्यांसमोर एवढंच म्हणाले, “ठीक आहे.” संध्याकाळी जेवताना ते एक शब्द बोलले नाहीत. ताटाकडे पाहत होते. आई म्हणाली, “ऐकलंत का, मीठ कमी आहे का?” ते म्हणाले, “हं.” मीठ मुळात घातलंच नव्हतं. आईने ते मुद्दाम केलं होतं, ते बोलावेत म्हणून. मी माझ्या ताटात पाहत ठरवलं की आपण पुन्हा असं काही ऐकायचं नाही. ऐकू आलंच तर गिळायचं. आणि ते मला छान जमलं. लग्न मोडायला लागलं तेव्हा मी कितीतरी आधीपासून ऐकत होते. मुद्रितं तपासत बसले. दुसऱ्यांच्या वाक्यांतल्या चुका शोधणं हा माझा व्यवसाय झाला. तिथे ‘थांबा’ म्हणावं लागत नाही, समासात एक छोटी खूण केली की भागतं.

बाबा पुढे त्या विभागाचे प्रमुख झाले, मग संस्थेचे संचालक. हॉलच्या भिंतीवर त्यांनी कधीतरी लावलेली एक पाटी होती. ‘कोणीही “थांबा” म्हणू शकतो. थांबवणाऱ्याला कारण विचारायचं नाही. आधी थांबायचं, मग पाहायचं.’ हा नियम बाहेर फार गाजला. दुसऱ्या संस्थांतले लोक तो पाहायला यायचे, फोटो काढायचे. एकदा एक मोठे पाहुणे, ज्यांच्या सहीवर संस्थेचा सगळा निधी अवलंबून, पाहणीला आले असताना एका नव्या मुलीने, नोकरीला लागून आठवडाही झाला नसेल, ‘थांबा’ म्हटलं. पंख थांबला. पाहुण्यांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, “का थांबवलं?” बाबा म्हणाले, “ते विचारायला इथे बंदी आहे, साहेब. चहा घेऊया.” आणि खरोखरच चहा मागवला, त्या मुलीलाही दिला, पाहुण्यांच्या आधी. तीच मुलगी आज संस्थेची संचालक आहे. आई हे सगळं ऐकून नेहमी म्हणायची, “तुमच्या हॉलमध्ये झाडणाऱ्यालासुद्धा थांबा म्हणता येतं. मला माझ्या स्वयंपाकघरात म्हणता येत नाही.” खरंच येत नव्हतं. निवृत्तीनंतर वसाहत सोडून ते चौथ्या मजल्यावरच्या घरात आले, तरी रोज संस्थेत जात, उन्हात चालत जात, जेवण टाळून बैठकांना बसत. आईने ते तीन-चारदा बोलून पाहिलं आणि मग हात टेकले. मी तर बोललेच नाही. डॉक्टरने काय सांगितलं असं विचारलं की ते म्हणत, “वयाच्या मानाने ठीक.” यंत्राबद्दल असं उत्तर कुणी दिलं असतं तर त्यांनी त्याला हॉलबाहेर काढलं असतं.

ते गेल्यावर काही आठवड्यांनी संचालकबाईंचा फोन आला. बाबांची खोली रिकामी करायची होती. निवृत्तीनंतरही संस्थेने एक छोटी खोली बाबांकडे राहू दिली होती. “तुम्ही या,” त्या म्हणाल्या, “आमच्या हातून ते होणार नाही.” मी गेले. वसाहत आता निम्मी ओस पडली आहे, पण बसमधून उतरल्याबरोबर तो आवाज आला, आणि माझे पाय त्या लयीत पडू लागले. हुंकार, सुस्कारा. इतकी वर्षं मी त्याच्याशिवाय कशी झोपले, मला कळेना. खोलीत फारसं काही नव्हतं. एक स्वेटर, भिंग, चपलांचा जुना जोड, टेबलाच्या कडेला नाण्याने पडलेले असंख्य बारीक खळगे. मी त्यांवरून बोट फिरवत बसले. तेवढ्यात बोल्टकाका आले. खूप म्हातारे झाले आहेत, तेही निवृत्त, पण मी येणार हे कळून मुद्दाम आले होते. “ताई,” ते म्हणाले, “केवढी झालीस. मला अजून ती दांडी कानाला लावून उभी असलेलीच दिसतेस.” मी म्हटलं, “काका, तो विषय नको. माझ्यामुळे तुमचा अख्खा दिवस वाया गेला होता. बाबा माझ्याशी बोलले नव्हते त्या संध्याकाळी.”

बोल्टकाकांनी विचारलं, “तुला त्यांनी सांगितलं नाही?” मी मान हलवली. ते खुर्चीच्या काठावर बसले. “अगं, आम्ही बाराजण होतो तिथे. मी पण ऐकलं होतं. तो अडल्यासारखा आवाज. सकाळपासून ऐकत होतो. वाटलं, मोठी माणसं आहेत, त्यांना कळत असेल, आपण कशाला तोंड उघडा. तू ओरडलीस तेव्हा मला आधी हायसं वाटलं आणि मग लाज वाटली. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी साहेबांना सांगितलं, साहेब, मी ऐकलं होतं. ते त्या पिवळ्या रेघेवर बसले होते, असे जमिनीवरच. म्हणाले, मी पण. मी पण ऐकलं होतं, म्हणाले, आणि मला वाटलं, पोरीसमोर कशाला. मग म्हणाले, दुसऱ्यांदा, बोल्ट. मी हे दुसऱ्यांदा केलं. काय दुसऱ्यांदा, ते मी विचारलं नाही. पाटी त्यानंतरच्या सोमवारी लागली.” “पण सापडलं काहीच नव्हतं,” मी म्हटलं. “नव्हतंच. तो आवाज कशाचा होता ते आजतागायत कुणाला माहीत नाही. साहेब म्हणायचे, सापडलं असतं तर लोकांना वाटलं असतं, सापडलं म्हणून ती बरोबर.” त्यांनी टेबलावरच्या खळग्यांवर हात ठेवला. “घाबरट होते गं तुझे बाबा. फार घाबरट. त्यांच्याइतका घाबरलेला माणूस मी पाहिला नाही. आम्ही सगळे त्यांच्या भीतीवर सुखाने जगलो.”

बाबांचा स्वेटर हातावर टाकून मी खाली उतरू लागले. इतकी वर्षं त्या जेवणाच्या टेबलावर मी एकटीच घाबरलेली होते असं मला वाटत होतं. आता तेच टेबल पुन्हा दिसलं आणि त्याच्या पलीकडे बसलेला माणूस माझ्याहून जास्त घाबरलेला होता, अळणी घास गिळत. आणि मग त्या शेवटच्या संध्याकाळचा जिना दिसला. भरीव भिंत. तळहात. ते मला ‘पोकळ’ म्हणाले तेव्हा त्यांना माहीत होतं की मला ऐकू येतंय. म्हणजे ते लपवत होते का? की दांडीचं टोक माझ्या कानाला लावत होते, पुन्हा एकदा, कारण स्वतः म्हणता येत नव्हतं? हे मला आता कधीच कळणार नाही. दोन माणसं, दोघांनाही तोच आवाज ऐकू येतोय, आणि दोघं गिलाव्याबद्दल बोलतायत. या विचाराने मला अशी काही धडकी भरली की मी भिंतीचा आधार घेतला, आणि माझ्या लक्षात आलं की मीही तळहात पसरून ठेवला आहे.

संचालकबाई हॉलच्या दाराशी माझी वाट पाहत होत्या. “सरांचा शेवटचा पंख,” त्या म्हणाल्या. “याचा आराखडा त्यांनीच तपासला होता. पाहून जा.” पंख तिथे होता, पूर्वीपेक्षा लांब, सडपातळ, सगळ्या अंगावर ताण मोजणाऱ्या बारीक तारा चिकटवलेला, एखाद्या दवाखान्यातल्या माणसासारखा. पाटी तिथेच होती. पडद्यांसमोर दोन-तीन तरुण बसले होते. दांडी आता कुणी वापरत नाही, पण ती खांबाजवळ खुंटीला टांगलेली होती. “सरांनी काढू दिली नाही,” बाई म्हणाल्या. मी ती घेतली. पिवळ्या रेघेबाहेर उभी राहिले, एक टोक खांबाला टेकवलं, एक कानाला. हुंकार सरळ डोक्यात आला, दातांत आला. मी डोळे मिटले. वर. खाली. वर. आणि वरच्या टोकाला मला वाटलं, काहीतरी अडलं.

मी पुन्हा ऐकलं. पुन्हा अडलं, क्षणभर, मग उतरलं. पडद्यांसमोरची मुलं शांत होती, एकजण जांभई देत होता. तारांना काही कळलेलं नव्हतं. माझा मलाच भरवसा नव्हता. झोप नाही, जेवण नाही, बाप गेलेली बाई. तिला प्रत्येक गोष्टीत त्याचाच श्वास ऐकू येणार. आत्ता ओरडलं तर हे सगळे सहानुभूतीने पाहतील, कुणीतरी पाणी आणेल, आणि चाचणीचा एक दिवस फुकट जाईल. मी दांडी खाली ठेवू शकत होते. छान आहे म्हणू शकत होते. त्या पिवळ्या रेघेशी माझ्यामागे ती बारा माणसं उभी होती, आणि त्यांच्यात एक माझा बाप, तोंड मिटून. पंख वर जाऊ लागला.

“थांबा,” मी म्हटलं.

ते ओरडणं नव्हतं. आवाज फाटला होता. पण जांभई देणाऱ्या मुलाचा हात त्याने वर पाहायच्याही आधी लाल बटणावर गेला. हुंकार मधेच तुटला. पंख अर्धवट उचललेला, तसाच हवेत राहिला, आणि हॉलभर, वसाहतभर, ती शांतता पसरली जिची मला आयुष्यभर शंका होती. कुणीही माझ्याकडे रोखून पाहिलं नाही. एकजण भिंग घेऊन उठला, दुसऱ्याने शिडी लावली. संचालकबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी काही विचारलं नाही. त्या दुसऱ्या एका मुलीला हळूच म्हणाल्या, “चहा सांग गं.” वर शिडीवर नाण्याची टकटक सुरू झाली. टणक, छोटी, मिटलेली. पुढे. टणक. पुढे. काही सापडणार होतं की नाही, ते त्या क्षणी कुणालाच माहीत नव्हतं.

थांबवण्याचं कारण कुणी विचारलंच नव्हतं. तरी मी दांडी छातीशी धरून त्या थांबलेल्या पंखाकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “बाबा, मला भीती वाटतेय.”